लीगबाहेरचीं मैदानें



इंग्लंडांत कांहीं वर्षें राहून आलेल्या मनुष्यास येथें परतल्यावर जे प्रश्न हटकून विचारले जातात, त्यांत एक फुटबॉलविषयीं असतो. वेंब्ली पाहिलें का? मँचेस्टरचें तें प्रख्यात क्रीडांगण पाहिलें का? मीं तीं दोन्ही पाहिलीं आहेत, आणि त्यांच्या भव्यतेबद्दल माझी कांहीं तक्रार नाहीं. परंतु आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे तें निराळ्या मैदानांविषयीं. ज्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापलीं गेलींच तर बारीक टाइपांत आणि निकालापुरतीं छापलीं जातात, जेथें तीनशें माणसें जमलीं म्हणजे क्लबच्या चिटणिसाचा चेहरा खुलतो, आणि जेथें गोलरक्षकाचा खोकला देखील प्रेक्षकांस ऐकूं येतो, अशा मैदानांवर मीं पुष्कळ शनिवार घालविले. प्रेक्षक या शब्दाचा अर्थ मला त्या हिंडण्यांत, थोडासा उशिरांच, कळला. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम थोडा खुलासा केला पाहिजे. इंग्लंडची फुटबॉल लीग १८८८ सालीं बारा संघांनिशीं स्थापन झाली. आज वरच्या चार वर्गांत मिळून ९२ संघ खेळतात. त्यांच्या खालीं जे शेंकडों संघ आहेत त्यांना तिकडे ‘नॉन-लीग’ म्हणजे लीगबाहेरचे म्हणतात. लीगबाहेरचे म्हणजे नियमाबाहेरचे नव्हेत. त्यांच्याहि लीगा आहेत, एकीखालीं एक अशा रचलेल्या. जिंकणारा संघ वर चढतो, हरणारा खालीं उतरतो. पूर्वीं या शिडीच्या वरच्या टोकाशीं दार बंद असे, आणि आंत कोणास घ्यावें हें मतें मोजून ठरे. १९८७ सालीं स्कारबरोचा संघ निव्वळ खेळाच्या बळावर त्या दारांतून आंत गेला, आणि तेव्हांपासून तें उघडें राहिलें आहे. शिवाय १८७१ सालीं सुरू झालेली एफ.ए. कपाची स्पर्धा आहेच. तींत दरवर्षीं सातशेंहून अधिक संघ उतरतात, आणि लहानांतील लहान संघास मोठ्यांतील मोठ्याशीं गांठ पडण्याची आशा करतां येते. १९७२ सालीं हेरफर्डच्या लीगबाहेरील संघानें पहिल्या वर्गांतील न्यूकॅसलला २-१ असें हरविलें, त्याची आठवण तिकडे अजून आजोबा नातवांना सांगत असतात.

या मैदानांची वाट मला योगायोगानेंच सांपडली. माझा मुक्काम शेफील्ड शहरीं होता. एका शनिवारीं शहरांतील मोठ्या सामन्याचें तिकीट मला मिळालें नाहीं. माझा उतरलेला चेहरा पाहून घरमालकीणबाई म्हणाल्या, “मग सँडीगेटला जा कीं! तिकिटें संपण्याची भीति तेथें नाहीं.”

सँडीगेट हें शहराच्या पश्चिमेस उंचावर आहे. हॅलम नांवाच्या क्लबचें तें घर. तेथें १८०४ पासून खेळ चालत आला असून, जगांतील सर्वांत जुनें फुटबॉलचें मैदान म्हणून गिनीजच्या ग्रंथांत त्याची नोंद आहे. १८६० सालच्या २६ डिसेंबरला शेफील्ड क्लब आणि हॅलम यांचा सामना येथेंच झाला, व तो शेफील्डनें दोन गोलांनीं जिंकला. यांपैकीं शेफील्ड क्लब १८५७ सालचा, म्हणजे जगांतील सर्वांत जुना फुटबॉल क्लब. हे दोघेहि आज लीगबाहेरच आहेत. इतकें मोठें कूळ, आणि संसार इतका साधा, हें पाहून मला प्रथम नवल वाटलें. कमरेइतक्या कठड्याला टेकून मी उभा राहिलों. मैदान चक्क उतरतें आहे. अर्धा वेळ एका संघानें चढण चढावयाची, मग बाजू बदलून दुसऱ्यानें. याबद्दल कोणी कुरकुर करीत नव्हतें. निसर्गानें दिलेला उतार दोघांना सारखा वांटून दिला म्हणजे न्याय झाला, अशी त्यांची समजूत दिसली.

सामना तीन वाजतां सुरू झाला. शनिवारीं दुपारीं तीन ही वेळ तिकडे अगदीं ठरलेली आहे, आणि तिचें मूळ गिरण्यांत आहे. १८५० सालच्या कायद्यानें कापडाच्या गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयी कामगार यांचें काम शनिवारीं दोन वाजतां थांबूं लागलें. पुढें अर्ध्या दिवसाची ही सुटी इतर धंद्यांतहि पसरली. भोंगा झाल्यावर घरीं जाऊन, दोन घांस खाऊन मैदानावर पोंचावें तों तीन वाजत. गिरण्या गेल्या, भोंगे थांबले, परंतु तीनची वेळ राहिली.

त्या दिवसापासून मला छंद लागला. दर शनिवारीं नवें मैदान! नकाशा पसरावा, आगगाडीचें वेळापत्रक पाहावें, आणि निघावें. तिकडे या छंदाचे लोक पुष्कळ आहेत. लीगचीं ९२ मैदानें पुरीं करणाऱ्यांची तर एक मंडळीच आहे. मींहि एक लहानशी वही केली. तींत तारीख, गांव, निकाल आणि प्रेक्षकांची संख्या टिपून ठेवूं लागलों.

ड्युरहॅम परगण्यांत हिंडतांना त्या वहीचीं पानें भराभर भरलीं. टो लॉ हें डोंगरमाथ्यावरचें गांव. १८९२ च्या संपाच्या दिवसांत खाणींतल्या मजुरांनीं स्वतः खपून तेथील मैदान तयार केलें, असें गांवकरी सांगतात. तेथला वारा असा कीं गोलरक्षकानें उंच मारलेला चेंडू एकदां माघारी येतांना मीं डोळ्यांनीं पाहिला. थोड्या मैलांवर क्रुक आहे. हौशी खेळाडूंच्या कपावर या लहानशा गांवानें पांच वेळां नांव कोरलें. याच गांवाकडचा जॅक ग्रीनवेल पुढें बार्सेलोनाचा शिक्षक झाला. १९७६ सालीं क्रुकचा संघ भारतांतहि येऊन खेळून गेला. जवळच बिशप ऑकलंड. तो कप दहा वेळां जिंकणारा हा क्लब. १९५८ च्या फेब्रुवारींत म्युनिकच्या विमान-अपघातांत मँचेस्टर युनायटेडचे कित्येक खेळाडू मरण पावले, तेव्हां त्या मोठ्या क्लबच्या मदतीस बिशप ऑकलंडचे तीन खेळाडू गेले होते. त्या टापूंतील कोळशाच्या खाणी केव्हांच बंद पडल्या. खाणींसाठीं वसलेलीं गांवें राहिलीं, आणि गांवांनीं आपले क्लब राखले.

आतां मूळ गोष्टीकडे येतों. एका जानेवारींत मी असाच एका गांवीं गेलों. गांवाचें नांव सांगत नाहीं, कारण तें कोणतेंहि असूं शकेल. आदल्या रात्रीं मुसळधार पाऊस झाला होता, आणि आजूबाजूचे बहुतेक सामने रद्द झाले होते. येथला मात्र होणार होता. फिरत्या फाटकाशीं पैसे दिले, कार्यक्रमपत्रिका घेतली, खिडकीवरून चहा घेतला आणि गोलाच्या मागें जाऊन उभा राहिलों. शेजारीं एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांचे बूट गुडघ्यापर्यंत चिखलानें माखले होते.

“नवीन दिसतां,” ते म्हणाले.

मीं मोठ्या अभिमानानें वही काढली. “माझें हें चौपन्नावें मैदान.”

“वा! चौपन्न!” त्यांनीं मनापासून कौतुक केलें. “मीं दुसरीं फारशीं पाहिलींच नाहींत. येथून निघतां येत नाहीं ना. आज सकाळीं सहाला आलों. आम्ही चौघे होतों. त्या कोपऱ्यांत घोट्याएवढें पाणी होतें.”

मग त्यांनीं त्यांचें काम मला समजावून दिलें. लांब दांतांचें अवजार जमिनींत वीतभर खुपसावयाचें, किंचित् हलवावयाचें आणि काढून घ्यावयाचें. त्या छिद्रांतून पाणी खालीं उतरतें. असें हातहात अंतरावर, सबंध मैदानभर. पंच दहा वाजतां पाहणीस आला, तेव्हां त्याचा चेंडू त्या कोपऱ्यांत एकदांच उसळला. पण उसळला! सामना रद्द झाला असता तर फाटकावरचें उत्पन्न बुडालें असतें, चहासाठीं आणलेले पाव वायां गेले असते, आणि तो सामना पुढें एखाद्या मंगळवारच्या रात्रीं निम्म्या प्रेक्षकांपुढें खेळावा लागला असता.

मध्यंतर झाला. तिकडची एक जुनी चाल आहे. बाजू बदलतांच प्रेक्षकहि चालत दुसऱ्या टोकास जातात आणि आपल्या संघाच्या चढाईच्या गोलामागें उभे राहतात. वृद्ध गृहस्थांनीं मला हातानें खुणावलें, आणि मी त्यांच्याबरोबर चालूं लागलों. चालतांना माझ्या मनांत एकच विचार येत होता. माझ्या वहींत जें चौपन्नावें मैदान लिहिलें जाणार होतें, तें या चार माणसांनीं अंधारांत पाणी काढून माझ्यासाठीं तयार ठेवलें होतें. त्याआधींचीं त्रेपन्नहि कोणीतरी तशींच तयार ठेवलीं असलीं पाहिजेत, आणि मीं त्यांतल्या एकाहि मनुष्यास कधीं विचारलें नव्हतें.

हा केवळ कृतज्ञतेचा प्रश्न नाहीं. अशीं मैदानें नाहींशीं होत आहेत. आपणांस जवळचें उदाहरण देतों. १९४८ सालच्या ऑलिंपिकमध्यें स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ ३१ जुलैला फ्रान्सविरुद्ध उतरला, तो लंडनच्या पूर्वेस इल्फर्ड येथें. कर्णधार होते तालिमेरेन आओ. संघांतील बहुतेक खेळाडू अनवाणी होते. सारंगपाणि रामननें बरोबरी साधली, परंतु दोन पेनल्टी वायां गेल्या आणि शेवटच्या घटकेस फ्रान्सनें २-१ असा सामना जिंकला. ही आठवण मनांत ठेवून मी इल्फर्डला गेलों. त्या काळीं इल्फर्ड क्लब लिन रोडवर खेळत असे. आतां त्या मैदानाच्या जागीं घरें आहेत. एन्फील्डचें जुनें मैदान १९९९ सालीं विकलें गेलें. डलिच हॅम्लेट हा १८९३ चा क्लब. २०१८ च्या मार्चमध्यें त्याला आपलें चँपियन हिलचें मैदान सोडून दुसऱ्या क्लबच्या आश्रयास जावें लागलें. लंडनमध्यें जमिनीला सोन्याचा भाव आहे, आणि शनिवारच्या तीन तासांसाठीं एवढी जागा मोकळी ठेवणें हिशेबांत बसत नाहीं.

परंतु दोन्ही ठिकाणीं प्रेक्षक स्वस्थ बसले नाहींत. एन्फील्डच्या प्रेक्षकांनीं २००१ सालीं स्वतःच्या मालकीचा नवा क्लब काढला, आणि पुढें दहा वर्षांनीं त्याला मैदानहि मिळविलें. डलिचच्या लोकांनीं सभा घेतल्या, मोर्चा काढला, अधिकाऱ्यांकडे खेटे घातले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत क्लब आपल्या घरीं परतला. मैदान राखणारे लोक म्हणजे खेळाडू नव्हते. खेळाडू दोनचार वर्षांनीं बदलतात. मैदान राखलें तें कठड्याला टेकून उभे राहणाऱ्यांनीं.

म्हणून मीं माझ्या छंदांत थोडा फरक केला. हिंडणें सोडलें नाहीं; तेवढें वैराग्य मला आलें नाहीं. आणि हिंडणाऱ्याचाहि उपयोग असतोच. त्याचे फाटकावरचे दहापंधरा पौंड, त्याचा चहा, त्याची पत्रिका यांचा लहान क्लबास आधार होतो. परंतु त्या चिखलाच्या गांवीं मी पुन्हां गेलों, आणि नंतर दर महिन्यास जाऊं लागलों. दुसऱ्या हिवाळ्यांत एका शनिवारीं सकाळीं सातला मीहि अवजार हातीं घेऊन मैदानांत उभा होतों. दीड तासांत माझ्या तळहातांना फोड आले. वृद्ध गृहस्थ माझ्या ओळीकडे पाहून म्हणाले, “छिद्रें जरा वांकडीं पडलीं आहेत, पण पाण्याला तें समजत नाहीं.” त्या दिवशीं आमचा संघ चार गोलांनीं हरला. ‘आमचा’ हा शब्द माझ्या तोंडून प्रथम गेला तो त्याच संध्याकाळीं, घरमालकीणबाईंना निकाल सांगतांना.

आपणांपैकीं कोणी इंग्लंडांत गेलांत तर एक शनिवार अवश्य राखून ठेवावा. अडीचलाच पोंचावें. आदल्या रात्रीं पाऊस झाला असल्यास सामना होणार कीं नाहीं याची चौकशी सकाळींच करावी. जाडा कोट घालावा. मध्यंतरांत एकाच जागीं उभें न राहतां सर्वांबरोबर मैदानाला वळसा घालावा, आणि वाटेंत कोणी चिखलाच्या बुटांचा मनुष्य दिसला तर त्याला विचारावें, आज किती वाजतां आलांत? कोल्हापुरांत पेठापेठांच्या तालमींचे संघ खेळतांना ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना हा प्रश्न कसा विचारावा हें मीं शिकवावयास नको. आणि तिकडे जाण्याचा योग नसला तरी आपल्या गल्लीच्या टोकास एखादें मैदान असेलच. त्याची राखण कोण करतो, तेवढें या शनिवारीं जाऊन पाहावें.