क्लाउडच्या गेटवरचं रजिस्टर

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)



इतकी वर्षं आपण एका आवारात राहतो, तरी मी नेमकं काय काम करतो हे बऱ्याच जणांना ठाऊक नाही. "तो कम्प्युटरमध्ये आहे" एवढ्यावर विषय संपतो. माझं काम क्लाउडच्या सुरक्षेचं आहे. आत कोणी यावं हे ठरवायचं, आलेल्याची नोंद करायची आणि ती नोंद वाचायची. आपले वॉचमनदादा गेटवर जे करतात तेच. फक्त माझं गेट कुणाला दिसत नाही.

क्लाउड म्हणजे आभाळात काही नसतं. दुसऱ्याच्या इमारतीतले कम्प्युटर आपण भाड्याने वापरतो, त्याला क्लाउड म्हणायचं. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईतही ही सेवा सुरू केली. इमारत, वीज, बाहेरचा पहारा हे मालक कंपनी बघते. पण आपल्या खोलीला कुलूप लावायचं का आणि किल्ली कुणाला द्यायची, हे भाडेकरूनेच बघायचं असतं. बहुतेक घोटाळे इथेच होतात. भाडेकरूला वाटतं मालक बघतोय, आणि मालकाच्या करारात तसं कुठेही लिहिलेलं नसतं.

आता आपलंच बघा. मेंटेनन्सची बिलं, सभासदांचे फोन नंबर, स्कॅन केलेली शेअर सर्टिफिकेट, नॉमिनेशनचे फॉर्म, भाडेकरूंच्या आधार कार्डाच्या प्रती, कॅमेऱ्यांचं चित्रण, गेटच्या ॲपमधल्या नोंदी. पंचवीस वर्षांपूर्वी हे सगळं ऑफिसच्या लोखंडी कपाटात मावलं असतं. आज ते क्लाउडवर आहे. म्हणून हा विषय आपल्या सगळ्यांचा आहे.

पहिली गोष्ट किल्लीची. पंप बघणाऱ्याला पंपरूमची किल्ली देतो, त्याच्या हाती ऑफिसचं कपाट देत नाही. ज्याला जेवढं काम, तेवढीच परवानगी, आणि काम संपलं की किल्ली परत. क्लाउडवर एक मास्टर किल्लीही असते. तिने सगळं उघडतं आणि सगळं पुसताही येतं. ती रोजच्या कामाला वापरायची नाही. तिला पासवर्डशिवाय दुसरं कुलूपही लावायचं, म्हणजे मोबाईलवर येणारा कोड वगैरे.

हे न जमल्यामुळे काय होतं? परदेशात 'कोड स्पेसेस' नावाची एक कंपनी होती. प्रोग्रामर लोकांचं काम सांभाळून ठेवणं हाच तिचा धंदा. जून २०१४ मध्ये कुणीतरी तिच्या ॲमेझॉनवरच्या खात्यात शिरलं आणि पैसे मागितले. कंपनीने पासवर्ड बदलायला घेतले, पण त्या माणसाने आधीच स्वतःसाठी जादा किल्ल्या करून ठेवल्या होत्या. त्याने आतलं सामान पुसायला सुरुवात केली. मूळ माहिती गेली आणि बॅकअपही बहुतेक गेले, कारण त्या एकाच खात्यातून सगळ्यापर्यंत हात पोचत होता. साधारण बारा तासांत कारभार आटोपला. कंपनी परत उभी राहिली नाही.

दुसरी गोष्ट वहीची. आमच्या भाषेत लॉग. कोण आलं, किती वाजता, कुठून, कशाला हात लावला. ॲमेझॉनवर या वहीचं नाव 'क्लाउडट्रेल'. काही न करता ती नव्वद दिवसांचे मुख्य व्यवहार दाखवते. पण कोणती फाईल कुणी उघडून वाचली, हे त्यात आपोआप येत नाही. ते वेगळं चालू करावं लागतं आणि त्याचे पैसे पडतात. आपल्या केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या यंत्रणेने एप्रिल २०२२ च्या आदेशात कंपन्यांना असे लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे. म्हणजे नव्वद दिवसांवर विसंबून भागत नाही.

वहीचे दोन नियम लक्षात ठेवा. एक, ज्याची नोंद होते त्याच्या हाती वही पुसायचा अधिकार नको. दोन, सही ज्याची त्याने करायची. एकच पासवर्ड पाच जण वापरत असतील तर वहीत पाचही वेळा "कमिटी" एवढंच लिहिलेलं असतं. मग फाईल कुणी काढली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, आणि संशय मात्र पाचही जणांवर.

तिसरी गोष्ट नजरेची. अमेरिकेतली 'कॅपिटल वन' ही मोठी बँक. मार्च २०१९ मध्ये तिच्या क्लाउडवर एक व्यक्ती शिरली. फायरवॉलची मांडणी चुकलेली होती. त्यातून त्या व्यक्तीला बँकेच्याच एका अंतर्गत खात्याची तात्पुरती किल्ली मिळाली, आणि त्या खात्याला गरजेपेक्षा जास्त परवानग्या होत्या. अमेरिका आणि कॅनडातल्या मिळून सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती गेली. बँकेला हे कळलं जुलैमध्ये, तेही बाहेरच्या एका माणसाने ईमेल करून सांगितलं तेव्हा. नंतर तपासात बँकेच्या स्वतःच्या लॉगमध्ये त्या येण्याजाण्याच्या नोंदी सापडल्या! वही भरलेली होती. जवळजवळ चार महिने ती वेळेवर कुणी वाचली नाही, एवढंच. २०२० साली सरकारी नियामकाने बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड केला.

नजर ठेवायची म्हणजे प्रत्येक ओळ वाचायची असं नव्हे. मांजर गेलं तरी शिट्टी वाजवणाऱ्या वॉचमनकडे चार दिवसांनी कुणी लक्ष देत नाही. म्हणून घंटा मोजक्या प्रसंगांनाच बांधायची. मास्टर किल्ली वापरली गेली, कुणी वही लिहिणंच बंद केलं, नव्या माणसाला मोठे अधिकार मिळाले, मध्यरात्री ढीगभर फाईली बाहेर गेल्या. आणि घंटा वाजल्यावर उठायचं कुणी, त्याचं नाव आधी ठरलेलं हवं. "सगळे बघतील" म्हटलं की कुणीच बघत नाही. हे आपल्याला पाण्याच्या टाकीवरून चांगलं ठाऊक आहे!

एक गोष्ट मात्र जपून सांगतो. वही ही स्वतःच नाजूक वस्तू आहे. गेटच्या ॲपमध्ये कुणाकडे कोण आलं, किती वाजता आलं, हे सगळं असतं. ते चोरी शोधण्यासाठी आहे, जिन्यात गप्पा मारण्यासाठी नाही. एकटी राहणारी मुलगी असो की आजारी आजोबा, त्यांच्या दारात कोण येतं याची उठाठेव इतरांनी करायची नाही. म्हणून ही वही कोण उघडू शकतो हे ठरवा, आणि उघडल्याचीही नोंद ठेवा.

आता कमिटीला माझी विनंती. सोसायटीचं दप्तर कुणाच्या खासगी ईमेलवर नको, सोसायटीच्या नावाच्या खात्यात हवं. "लिंक असेल तो उघडू शकेल" ही सोय सभासदांच्या कागदपत्रांसाठी बंद करा. गूगल ड्राइव्हच्या साध्या मोफत खात्यात फाईल कुणी बदलली हे दिसतं, कुणी नुसती वाचली हे दिसत नाही. म्हणून तिथे वाटून दिलेल्या नावांची यादीच नीट ठेवावी लागते. कॅमेरे बसवून गेलेल्या माणसाने ठेवलेला पासवर्ड बदला. आणि महिन्यातून एकदा, बैठकीच्या विषयपत्रिकेवर दहा मिनिटं या नोंदींना द्या.

शेवटचं, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं. कमिटी बदलते तेव्हा आपण दप्तर, चेकबुक, किल्ल्या यांची यादी करून सही घेतो. त्या यादीत "क्लाउडवरचे सर्व अधिकार काढले, नवे दिले" अशी एक ओळ वाढवा. हा कुणाचा अपमान नाही. ज्या काका-काकूंनी वर्षानुवर्षं फुकट राबून ही सोसायटी उभी केली, उद्या काही हरवलं तर त्यांच्याकडे कुणी बोट दाखवू नये, यासाठीच ती ओळ हवी. नोंद नीट असली की प्रामाणिक माणसाला स्वतःच्या बाजूने बोलावं लागत नाही.

पुढची पंचवीस वर्षंही आपण सगळे असेच गुण्यागोविंदाने राहू या. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.