प्रत्येक प्रतीला स्वतःची ओळख

(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपण दिलेले जुने संगणक आदिवासी मुलांच्या वसतिगृहांत पोहोचण्यापूर्वी त्यांच्यावर काय काम होते, हे सांगण्यासाठी मला येथे उभे केले आहे. हे काम कोणाला दिसत नाही. पण ते अर्धवट राहिले, तर वसतिगृहातला संगणक थोड्याच दिवसांत कापडाखाली झाकून पडतो. तेथे दुरुस्तीला माणूस नसतो. यंत्र तालुक्याला न्यायचे म्हणजे एसटीचे भाडे गेले आणि एका कार्यकर्त्याचा दिवसही गेला.

या संगणकांवर आम्ही लिनक्स घालतो. लिनक्स 1991 साली सुरू झाले. त्यावर आधारलेली डेबियन ही प्रणाली 1993 पासून आहे आणि तिच्या परवान्याला पैसे पडत नाहीत. वीस संगणकांवर तेच काम वीस वेळा करण्याऐवजी आम्ही एकच संगणक पूर्ण तयार करतो. मराठी टंकलेखन, लिब्रेऑफिस, गणिताचे खेळ, सारे त्यात बसवतो. मग त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत काढतो. तिला इमेज म्हणतात. ती इमेज बाकीच्या डिस्कांवर उतरवली की झाले, असे वाटते. खरे काम तेथूनच सुरू होते.

डिस्कचे भाग पाडलेले असतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. प्रत्येक भागाला यूयूआयडी नावाचा 32 अंकाक्षरी ओळखक्रमांक असतो. संगणक सुरू होताना लिनक्स एफएसटॅब नावाच्या फाइलीत पाहते आणि त्यातल्या क्रमांकांवरून आपले भाग शोधते. हुबेहूब प्रत काढली, की हा क्रमांकही जसाच्या तसा उतरतो.

यंत्रात एकच डिस्क असेल, तर सहसा काही बिघडत नाही. पण एखादा संगणक बंद पडतो आणि मुलांचे लिखाण वाचवण्यासाठी त्याची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडावी लागते. आता एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क समोर आल्या. हजेरीपटावर एकाच नावाच्या दोन मुली असाव्यात आणि एकीचे औषध दुसरीला जावे, तसे येथे होऊ शकते. लिनक्स भलतीच डिस्क उघडते आणि मुलांचे निबंध दिसेनासे होतात. एक्सएफएस पद्धतीची डिस्क असेल, तर ती दुसरी प्रत उघडायलाच नकार देते. बीटीआरएफएस पद्धतीत तर माहिती खराब होण्याचाही धोका असतो.

म्हणून आम्ही प्रत्येक प्रतीला नवा क्रमांक देतो. पेनड्राइव्हवरून दुसरे लिनक्स सुरू करायचे, डिस्क तपासून घ्यायची आणि मग ट्यून-टू-एफएस या आज्ञेने क्रमांक बदलायचा. स्वॅप या भागाचा क्रमांक वेगळा बदलावा लागतो, आणि विभागांच्या तक्त्यातले क्रमांकही वेगळे बदलावे लागतात.

आपल्यापैकी जे मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, त्यांना पुढचे लगेच समजेल. शाळेच्या दाखल्यावर नाव सुधारले, पण जातीच्या दाखल्यावर आणि बँकेच्या पासबुकावर जुनेच राहिले, की पैसे अडकतात. येथेही तसेच. क्रमांक बदलला की तो एफएसटॅबमध्ये बदलायचा, संगणक सुरू करून देणारा ग्रब नव्याने बसवायचा आणि सुरुवातीला लागणारी इनिट-रॅम-एफएस फाइलही पुन्हा तयार करायची. मुख्य भागाचा जुना क्रमांक कोठे राहिला, तर संगणक काळ्या पडद्यावर थांबतो. स्वॅपचा राहिला, तर तो प्रत्येक वेळी सुरू होताना साधारण 90 सेकंद वाट पाहत बसतो. एका वसतिगृहात मुले त्या थांबण्यालाच बिघाड समजत आणि मधेच बटण दाबून संगणक बंद करत. अशाने चांगली डिस्कही खराब होते.

आपल्याकडून येणाऱ्या डिस्क लहानमोठ्या असतात. म्हणून मूळ इमेज आम्ही लहान ठेवतो. मोठी इमेज लहान डिस्कवर मावत नाही, लहान मात्र मोठ्या डिस्कवर उतरवून नंतर वाढवता येते. त्यासाठी आधी विभागांच्या तक्त्याची राखीव प्रत नव्या डिस्कच्या टोकाला सरकवायची, मग विभाग वाढवायचा आणि शेवटी त्यातली फाइल-व्यवस्था वाढवायची. क्रम हाच.

डिस्कप्रमाणे यंत्राचीही ओळख असते. मशीन-आयडीची फाइल इमेजमध्ये रिकामी ठेवली, की पहिल्यांदा सुरू होताना प्रत्येक संगणक आपला क्रमांक स्वतः तयार करतो. ती तशीच उतरली, तर काही मांडण्यांत दोन संगणकांना नेटवर्कवर एकच पत्ता मिळतो. दुरून दुरुस्ती करण्यासाठी लागणाऱ्या एसएसएच किल्ल्याही प्रत्येक संगणकावर नव्याने तयार कराव्या लागतात.

खोक्यात भरण्यापूर्वी प्रत्येक संगणक आम्ही दोनदा सुरू करून पाहतो. त्या वेळी मूळ डिस्क जवळपासही ठेवत नाही, म्हणजे प्रत खरोखर स्वतःच्या पायावर उभी आहे का, ते कळते.

आता आपणांस तीन विनंत्या. संगणक देताना त्यातील आपली कागदपत्रे आणि छायाचित्रे आधी काढून घ्या. डिस्क आवाज करत असेल किंवा अडखळत असेल, तर तसे चिठ्ठीवर लिहा. आणि मंडळीतल्या ज्या तरुणांना संगणकाची आवड आहे, त्यांना एखाद्या शनिवारी आमच्याकडे पाठवा. प्रत काढायला यंत्र पुरते, पण प्रत्येक प्रत तपासायला माणूस लागतो. वसतिगृहातल्या मोठ्या मुलामुलींनाही हे शिकवायला आम्ही सुरुवात केली आहे. पुढचा बिघाड त्यांनीच दुरुस्त करावा, ही इच्छा.