बारा पुरुष आणि एक दौरा



आनंद एकर्षी यांचा ‘आट्टम’ हा मल्याळम चित्रपट २०२४ साली जाहीर झालेल्या ७०व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला. केरळातली एक हौशी नाटकमंडळी. बारा पुरुष आणि एकटी अंजली. प्रयोगानंतरच्या पार्टीच्या रात्री, ती झोपेत असताना, खिडकीतून कुणीतरी तिच्या अंगाला हात लावतो. संशय हरीवर. हरी सिनेमातला नट. मंडळीत उशिरा आला आणि विनयची मुख्य भूमिका त्याच्याकडे गेली.

बैठक बसते. हरीला काढायचं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. मला हे एकमतच जास्त अस्वस्थ करतं. कुणाच्या मनात हरीविषयी जुनी असूया आहे. विनय तर अंजलीचा प्रियकर, पण तेही नातं झाकून ठेवलेलं. तिच्या बाजूने बोलणाऱ्यांचेही आपापले हिशेब आहेतच.

मग बातमी येते: हरीच्या ओळखीतून नाटकाला युरोप दौऱ्याचं आमंत्रण. तीच खोली, तीच माणसं, पण भाषा पालटते. चेहरा पाहिला होता का? तीही प्यायली होती ना? भास तर झाला नसेल? हे प्रश्न आधी कुणालाच पडले नव्हते. कुणी आवाज चढवत नाही. सगळं समजुतीच्या सुरात, तिच्याच भल्यासाठी म्हणून चाललेलं असतं. जरीन शिहाब या अभिनेत्रीचा चेहरा या प्रसंगांत जरूर पाहा. एकेक ओळखीचा माणूस परका होत जातो आणि ती ते ऐकत राहते.

आपल्याला इथे तेंडुलकरांची बेणारे आठवणारच. त्यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकावर सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली चित्रपट केला, त्यात सुलभा देशपांडे बेणारे होत्या. तिथेही नाटकाचीच मंडळी आणि आरोपीच्या पिंजऱ्यात बाई. पण बेणारेवर तुटून पडणाऱ्यांची क्रूरता उघडी दिसते. ‘आट्टम’मधली माणसं सभ्य आहेत, घरसंसारवाली आहेत, पैशाच्या ओढग्रस्तीतली आहेत. त्यांची गरज खरी आहे, म्हणून त्यांचा राग करणंही सोपं जात नाही. मला मात्र तो आला, आणि यावा असंच वाटतं.

हात कुणाचा होता, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. अंजलीलाही ते आता जाणून घ्यायचं नसतं. ती मंडळी सोडते आणि स्वतःचं नाटक उभं करते.