विहिरीतलं क्लोराइड आणि बारावीचा प्रकल्प



बोईसरमधल्या बारावीच्या मुलाला रसायनशास्त्राच्या प्रकल्पाचा विषय विचारला, तर उत्तर बहुधा ठरलेलं असतं : ‘तारापूर एमआयडीसीतील जलप्रदूषण’. मुलाचा दोष नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या २०१८ च्या यादीत तारापूर ९३.६९ गुणांसह देशात पहिलं होतं. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या वतीने अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. विषय घराच्या दारातच आहे. पण प्रकल्पासाठी हा विषय मी नाकारतो, कारण त्यात प्रश्नच नाही. काय मोजायचं, कुठे, कधी आणि कशाशी ताडून पाहायचं, यातलं एकही त्या मथळ्यातून कळत नाही.

शिवाय सांडपाण्याच्या नाल्यात बाटली बुडवायला मुलांना पाठवू नये. त्यात काय आहे हे आधी कोणालाच ठाऊक नसतं. आणि सांडपाण्याचं सीओडी, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, मोजायला संहत सल्फ्युरिक आम्ल, डायक्रोमेट आणि पाऱ्याचं संयुग लागतं. पारा का? पाण्यात खाडीचं मीठ मिसळलेलं असेल तर डायक्रोमेट क्लोराइडवरही खर्च होतं आणि सीओडी खोटंच फुगतं. पारा त्या क्लोराइडला धरून ठेवतो. हे शाळेच्या प्रयोगशाळेचं काम नव्हे. पण यातूनच आपल्याला शाळेत होण्यासारखा प्रश्न सापडतो : क्लोराइडचा.

किनाऱ्यावरच्या केळवे-माहीमच्या वाड्यांतल्या विहिरी घ्या. पानवेली आणि नारळ याच पाण्यावर जगतात. समुद्रापासून आत जावं तसं विहिरीतलं क्लोराइड कसं बदलतं? पावसाआधी आणि पावसानंतर किती फरक पडतो? हा प्रश्न मोजता येतो, आणि त्याचं उत्तर कुठल्या गाइडमध्ये छापलेलं नाही.

मोजायची पद्धत जुनी आहे, मोहरची. नमुन्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकून सिल्व्हर नायट्रेट सोडायचं. पिवळ्यावर विटकरी छटा टिकली की थांबायचं. मात्र आकडेमोड प्रयोगशाळेत शिरण्याआधी कागदावर व्हायला हवी. ०.०१ मोलार सिल्व्हर नायट्रेटचा १ मिलिलिटर म्हणजे सुमारे ०.३५ मिलिग्रॅम क्लोराइड. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर १०००. म्हणजे २५ मिलिलिटर नमुन्यात २५० मिलिग्रॅमची विहीर साधारण १७.६ मिलिलिटर घेईल. छान, ब्युरेटमध्ये बसतं. हजाराची विहीर सत्तर घेईल. ती आधी पातळ करायची. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम असतं, ते शंभर पट पातळ केल्याशिवाय हात लावायचा नाही. सिल्व्हर नायट्रेट महाग आहे. ही आकडेमोड न करणारा मुलगा पहिल्याच दिवशी बाटली संपवतो.

आता खरी अडचण. क्लोराइड फक्त समुद्रातून येत नाही. संडासाची टाकी जवळ असेल तर त्यातून येतं, वाडीत पोटॅश खत टाकलं असेल तर त्यातूनही येतं, कारण ते बहुधा पोटॅशियम क्लोराइडच असतं. म्हणून प्रत्येक विहिरीजवळ वहीत नोंद हवी : भरतीच्या रेषेपासून अंतर, पाण्याची खोली, शेवटचं खत कधी, पंप किती वेळ चालला, उधाण होतं का. पुढची पायरी हवी असेल तर ईडीटीएने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगवेगळं मोजा. समुद्राच्या पाण्यात वजनाने मॅग्नेशियम कॅल्शियमच्या सुमारे तिप्पट असतं. क्लोराइड वाढताना मॅग्नेशियमचा वाटाही वाढत असेल, तर समुद्रावरचा संशय बळावतो. मी सिद्ध होतो म्हटलं नाही, याकडे लक्ष द्या. तोंडी परीक्षेत हाच फरक विचारला जातो.

एक सवय मात्र मोडावी लागेल. आपल्याकडे प्रॅक्टिकलला ‘सीबीआर’ लिहायचं असतं, कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, आणि मुलं तिन्ही वाचनं डोळे मिटून सारखी लिहितात. प्रकल्पात वाचनं हलली तर हललेली लिहा. ०.१ मिलिलिटरचा फरक म्हणजे लिटरला दीडएक मिलिग्रॅम. दोन विहिरींतला फरक त्याहून कितीतरी मोठा असेल तरच तो फरक म्हणायचा. ऊर्ध्वपातित पाण्याचं कोरं टायट्रेशनही विसरू नका.

दुसरी सवय पालकांची. बोईसरला घरोघरी कोणीतरी कंपनीच्या क्यूसीत असतं. नमुना तिकडे नेऊन छापील रिपोर्ट आणणं सोपं आहे. ताडून पाहायला एखादा नमुना जरूर न्या. बाकी ब्युरेट मुलाच्याच हातात राहू द्या. आणि टायट्रेशननंतरचं क्रोमेट बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा. प्रदूषणाच्या तालुक्यात पाणी तपासायला निघालेल्यांनी गटारात क्रोमियम सोडावं, हे काही शोभत नाही.

गुणांचं म्हणाल, तर सीबीएसईत बारावीच्या प्रॅक्टिकलच्या ३० पैकी प्रकल्प आणि त्यावरच्या तोंडीला ४ गुण आहेत. आयबीत अशाच स्वतंत्र तपासाला २० टक्के वजन आहे. चार गुणांसाठी एवढं करावं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते करावं.

फक्त कॅलेंडर पाहा. प्रॅक्टिकल जानेवारीपासून सुरू होतात आणि मुलं डिसेंबरात जागी होतात. तेव्हा उन्हाळ्यातली विहीर कुठून आणणार? खारटपणा सर्वांत जास्त असण्याची शक्यता आत्ता, पाऊस पडायच्या आधी. क्लोराइड बाटलीत टिकतं. स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत, तारीख-वेळ लिहून नमुना ठेवला तर शाळा उघडेपर्यंत बिघडत नाही. म्हणून समोर बसलेल्या वाडीवाल्यांना माझी विनंती आहे : जूनच्या आत एखादं पोर बाटली घेऊन विहिरीवर आलं तर त्याला हाकलू नका. पाणी काढू द्या, आणि खत कधी टाकलं होतं तेही खरं सांगा.