जुनी बस विकत घेण्याआधी

निवृत्तीनंतर जुनी बस घेऊन तिचं फिरतं घर करायचं, असं बरेच जण सांगतात. पडदे, पलंग, ओटा सगळं ठरलेलं असतं. बस मात्र बाहेरूनच पाहिलेली असते. फौजेत गाडी ताब्यात घेण्याआधी आम्ही तिच्या खाली शिरायचो. तुम्हीही शिरा, पण आधी चाकांना दगड लावा.

टॉर्च आणि छोटी हातोडी न्या. चेसिसवर हलकेच ठोका. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला, पापुद्रे सुटले, तर गंज आत शिरलाय. चेन्नई, कोचीसारख्या समुद्रकाठच्या शहरांत चाललेली बस असेल तर जास्तच बारकाईने पाहा. खाली ताजा काळा रंग दिसला तर संशय घ्या.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. एअर ब्रेकचं प्रेशर भरलं की इंजिन बंद करून काटा पाहा. भराभर उतरला तर गळती आहे.

मग कागद. आरसीवरचा चेसिस नंबर लोखंडावरच्या नंबराशी जुळवा. बस परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे गाडीत मनासारखे बदल करता येत नाहीत. म्हणून आपल्या आरटीओत आधीच विचारा.

इंजिन बदलता येतं. कुजलेली चेसिस आणि खोटा कागद यांवर इलाज नाही. या बसमध्ये तुमची माणसं झोपणार आहेत; एवढं ध्यानात ठेवूनच विसार द्या.