नागरिकत्व, नोंद आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



संमेलनात शिक्षकाने निकालाच्या टक्केवारीवर बोलावे अशी अपेक्षा असते. आज मात्र आपली परवानगी घेऊन मी वेगळ्या विषयावर बोलणार आहे. हा विषय चहाच्या टपरीवर, एस.टी. स्टँडवर आणि मोबाईलवर रोज चघळला जातो, पण त्यावर शांतपणे क्वचितच बोलले जाते. देशात बाहेरून कोण आले, सरकारी धान्य व शिष्यवृत्ती कोणाला मिळावी आणि खरा भारतीय कोणाला म्हणावे, हा तो विषय.

वास्तविक हे तीन प्रश्न आहेत. पहिला वाट्याचा. रेशन, घरकुल, शिष्यवृत्ती, सरकारी दवाखान्यातली खाट, सगळे मोजके आहे. ते कोणाला द्यायचे? दुसरा कायद्याचा. देशात कोणी यावे, कोणी राहावे आणि ते कसे सिद्ध करावे? तिसरा ओळखीचा. आपले कोण आणि परके कोण? भांडणात या तिन्हींचा काला होतो. माणूस वाट्याची तक्रार घेऊन उठतो, मध्येच कायद्याची भाषा बोलतो आणि शेवटी शेजाऱ्याच्या नावाकडे बोट दाखवून खाली बसतो. म्हणून आपण हे प्रश्न सुटे करून पाहू.

आधी आपल्याच भागातले प्रकरण घेऊ. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची खबर 21 दिवसांत द्यावी लागते. वर्ष उलटून गेले तर नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पूर्वी हा आदेश न्यायालयातून मिळे. 2023 च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला आणि तहसील कार्यालयांत अर्जांची रीघ लागली. पुढे भारतीय जनता पक्षाचे नेते किरीट सोमय्या यांनी आरोप केला की, बांगलादेशी व रोहिंग्या लोकांनी खोट्या कागदांवर असे दाखले मिळवले आहेत. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव, तसेच अकोला व अमरावती ही नावे वर्तमानपत्रांत आली. जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, उशिराचे दाखले देणे थांबवले आणि त्या मालेगावच्या दोन महसूल अधिकाऱ्यांना निलंबित केले. मार्च 2025 मध्ये नवी कार्यपद्धती आली. पुराव्यांची कसून तपासणी, पोलिसांचा अहवाल आणि कागद खोटा निघाल्यास गुन्हा, असे तिचे स्वरूप आहे. नायब तहसीलदारांच्या सहीने निघालेले आदेश त्यांना तो अधिकारच नव्हता म्हणून रद्द करण्याचे ठरले.

जाता जाता एक सांगतो. मालेगाव नावाचा तालुका आपल्या वाशिम जिल्ह्यातही आहे. बातमी वाचताना आधी जिल्ह्याचे नाव वाचत जा. निम्म्या अफवा तिथेच थांबतील.

या प्रकरणात दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले पाहिजे. खोटा दाखला करून घेणारा गुन्हेगार आहे, मग तो कोणत्याही धर्माचा असो. त्याला तो कागद विकणारा दलाल त्याहून मोठा गुन्हेगार आहे. तपास व्हावा ही मागणी चुकीची नाही, आणि ती केली म्हणून कोणी आपला शत्रू होत नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी वऱ्हाडातील खेड्यात बाळंतपण घरी होई, सुईण येई, आणि खबर देण्याचे राहून जाई. त्या बाळाचा आज आजोबा झाला आहे. 2019-20 नंतर मनात बसलेल्या धास्तीने तो रांगेत उभा राहिला. त्याला एका सहीने दाखला मिळाला, तो सहीच्या अधिकाराअभावी रद्द झाला, तर त्यात त्याचा अपराध कोणता? चोर सोडून संन्याशाला फाशी होऊ नये, एवढेच आपले म्हणणे असावे. आणि ते अर्जाने, पुराव्याने व सभ्य भाषेत मांडावे.

आता कायदा. संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदाने 26 जानेवारी 1950 रोजी येथे कायमचे राहणाऱ्या आणि येथे जन्मलेल्या, किंवा ज्याची आई अथवा बाप येथे जन्मला होता, किंवा जो आधीची पाच वर्षे येथे राहत होता, अशा प्रत्येकाला नागरिक मानले. पुढे 1955 चा नागरिकत्व कायदा झाला आणि तो हळूहळू कडक होत गेला. 26 जानेवारी 1950 पासून 30 जून 1987 पर्यंत भारतात जन्मलेला, काही थोडे अपवाद सोडता, जन्मानेच नागरिक. 1 जुलै 1987 नंतर जन्मलेल्याची आई किंवा वडील, कोणीतरी एक भारतीय हवेत. 3 डिसेंबर 2004 पासून जन्मलेल्याचे दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही सगळे या शेवटच्या गटातले. म्हणजे तुमच्या नागरिकत्वाचा धागा तुमच्या आई-वडिलांच्या कागदातून जातो.

यावर कोणी म्हणेल, आमच्याजवळ आधार आहे. आधार जरूर जपा, पण आधार कायद्याच्या नवव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की, आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. आणि एखाद्यावर परदेशी असल्याचा आक्षेप आला तर तो परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच आहे. 1946 च्या कायद्यात तसे होते, आणि 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या स्थलांतर व परदेशी नागरिकविषयक कायद्यातही तसेच आहे.

या भाराचे वजन आसामने पाहिले. तेथे 31 ऑगस्ट 2019 रोजी नागरिकांची अंतिम यादी निघाली आणि 19 लाखांहून अधिक अर्जदार बाहेर राहिले. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. ज्या बाया कधी शाळेत गेल्या नव्हत्या आणि लग्न करून दुसऱ्या गावी गेल्या होत्या, त्यांची अडचण मोठी होती. माहेरच्या बापाशी नाते दाखवणारा त्यांचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा एक दाखला, आणि त्या दाखल्यावरच वाद झाला. माता-भगिनींनो, मुलीला शाळेत का घालावे याची अनेक कारणे आजवर तुम्ही ऐकली असतील. हे आणखी एक कारण आहे. शाळेच्या रजिस्टरमध्ये बापाच्या नावासह झालेली तिची नोंद आयुष्यभर तिच्या बाजूने साक्ष देते.

नुसता कायदा पुरतो का? नाही. जून 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यातील मीरा रोड येथे काम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका मजुराला बांगलादेशी समजून पकडले आणि सरहद्दीपलीकडे ढकलले. तो भारतीय होता. पश्चिम बंगाल सरकारने कागदपत्रे पुढे केल्यावर त्याला परत आणले. त्याच्या बोलीवरून आणि नावावरून संशय आला, ही झाली ओळखीच्या प्रश्नाची बाजू. आणि कागदाने त्याला घरी आणले, ही झाली कायद्याची. दोन्ही ध्यानात ठेवा.

ओळखीचा हा वाद आजचा नाही, आणि त्यात आपल्या वऱ्हाडचाच एक मोठा माणूस होता. डॉ. पंजाबराव देशमुख यांना कोण ओळखत नाही? अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था त्यांनी उभी केली. अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाचे आहे. 1952 ते 1962 ते केंद्रात मंत्री होते. ऑगस्ट 1949 मध्ये संविधान सभेत नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा झाली, तेव्हा मसुद्यामुळे भारताचे नागरिकत्व फार स्वस्त होईल, अशी हरकत त्यांनी घेतली. दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू व शीख माणसाला नागरिकत्वाचा हक्क मिळावा, अशी दुरुस्तीही त्यांनी सुचवली. धर्मावरून नागरिकात भेद करता येणार नाही, असे अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारख्या सभासदांनी मांडले. डॉ. आंबेडकरांनी मांडलेला मसुदा मान्य झाला, भाऊसाहेबांची दुरुस्ती मान्य झाली नाही.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. त्या एका मुद्द्यावर भाऊसाहेबांशी माझे मत जुळत नाही. म्हणून शेतकऱ्याच्या पोराला शाळेचे दार उघडून देणाऱ्या या माणसाबद्दलचा माझा आदर तिळभरही कमी होत नाही. आणि त्या सभागृहात ज्यांची सूचना फेटाळली गेली, ते सभागृह सोडून गेले नाहीत. त्याच संविधानाखाली त्यांनी पुढे मंत्रिपद सांभाळले. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने तोच प्रश्न पुन्हा समोर आणला. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना त्यात वाट दिली आहे, मुसलमानांचे नाव त्यात नाही. छळ सोसून आलेल्यांना आसरा देणारा हा कायदा आहे, कोणाचे नागरिकत्व काढणारा नाही, असे सरकार म्हणते. धर्म ही नागरिकत्वाची कसोटी नसावी, असे विरोधक म्हणतात, आणि त्यासाठी ते सर्वोच्च न्यायालयात गेले. माझे मत दुसऱ्या बाजूला आहे. पण पहिल्या बाजूचे मत असलेला माझा सहकारी शिक्षक देशभक्त नाही, किंवा मी नाही, असे यातून निघत नाही.

आता वाट्याचा प्रश्न. सून घरी आली, नातू झाला, पण रेशन कार्डावर नाव चढत नाही. विचारले तर उत्तर मिळते, इष्टांक संपला. मग बाहेर येऊन कोणी म्हणतो, बाहेरच्यांनी खाल्ले. खरे कारण काय? 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात लाभार्थ्यांची मर्यादा 2011 च्या जनगणनेवर बेतली आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे 7 कोटी माणसे आली. त्यानंतर माणसे वाढली, पण 2021 ची जनगणना झालीच नाही. ती 2027 वर गेली. आकडा जुना राहिला आणि रांग वाढली. बोगस कार्डे शोधावीत, यात दुमत नाही. पण ताटात कमी का आहे याचे उत्तर शेजाऱ्याच्या ताटात शोधण्याआधी वाढणाऱ्याच्या हिशेबात शोधा. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत 2018 पासून वाशिमचे नाव आहे. मागासलेपण सगळ्यांचे सामाईक आहे. जो हिंदू शेतमजूर इष्टांक वाढण्याची वाट पाहतो, तो तुमच्याच रांगेत उभा आहे.

आणि आपण इथले कसे, हे कोणी विचारले तर? आपल्या एखाद्या खापरपणज्याचा कागद मिळाला तर त्यावर जिल्हा बासिम असेल. 1905 मध्ये तो जिल्हा मोडला आणि आपण अकोल्यात गेलो. 1 जुलै 1998 रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. निजामाचा मुलूख 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभारात गेला. पुढे मध्यप्रांत व वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, 1956 मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य आणि 1960 मध्ये महाराष्ट्र. कारंजा, रिसोड, मंगरूळपीर होते तिथेच राहिले, आणि बाभूळबनात औत हाकणारा माणूसही तिथेच राहिला. बदलले ते कागदाच्या वरचे नाव. म्हणून जुन्या कागदावर दुसऱ्या जिल्ह्याचे वा राज्याचे नाव दिसले तर घाबरू नका आणि तो फेकूही नका.

शेवटी कामाच्या चार गोष्टी. एक, घरात बाळ झाले की 21 दिवसांत नोंद करा. बाळाचे नाव ठरले नसेल तरी जन्म नोंदवा. वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. दोन, नाव एकाच पद्धतीने लिहा. एका कागदावर शेख, दुसऱ्यावर शे.; इथे मोहम्मद, तिथे मो.; आईच्या नावापुढे एकदा बी, एकदा बेगम, असा घोळ आम्ही रोज पाहतो. मूल शाळेत आहे तोवर दाखल-खारीज रजिस्टरमधील चूक दुरुस्त करून घ्या, शाळा सुटल्यावर ते फार अवघड होते. जुन्या काळी गुरुजींनी 1 जून ही जन्मतारीख घातली, अशी माणसे घरोघर आहेत. ती तारीख आता सगळीकडे तीच राहू द्या. तीन, आजोबांचे शाळेचे दाखले, कोतवाल बुकाची नक्कल, जमिनीचे जुने उतारे, जुन्या मतदार यादीतले नाव हे सवडीने तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून अर्ज करून काढून ठेवा. चार, दलालाला एक पैसाही देऊ नका आणि खोटा कागद करू नका. शाळाप्रवेश, नोकरी इत्यादींसाठी जन्मदाखला हाच पुरावा, हा 2023 चा नियम 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना लागू आहे. सत्तर वर्षांच्या आजोबांनी घाबरून रांग लावावी, असे त्यात काही नाही. एकाने केलेला खोटा कागद शंभर खऱ्या माणसांच्या कागदावर संशय आणतो.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम मी तुमच्यावर सोपवतो. या सुट्टीत आजी-आजोबांजवळ बसा, जुनी पत्र्याची पेटी उघडा, कोणता कागद आहे आणि कोणता नाही याची यादी करा, आणि शाळा उघडल्यावर ती घेऊन माझ्याकडे या. अर्ज कसा लिहायचा ते आपण वर्गात शिकू. तो मराठीचा तासही होईल आणि नागरिकशास्त्राचाही.