कथेतील गरीब, दारातील गरीब



दारिद्र्याची कथा वाचताना मध्यमवर्गीय वाचकाचे डोळे पाणावतात. परंतु पुस्तक मिटल्यावर दारात आलेल्या गरिबाकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलते का, हा खरा प्रश्न आहे.

चार्ल्स डिकन्सची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ही कादंबरी १८३७ ते १८३९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. इंग्लंडमध्ये १८३४ साली निर्धनांसाठी नवा कायदा आला होता. साहाय्य हवे असेल त्याने ‘वर्कहाऊस’मध्ये राहावे आणि तेथील जिणे बाहेरच्या सामान्य मजुराहूनही हलाखीचे असावे, हे त्या कायद्याचे सूत्र. या निष्ठुरतेवर डिकन्सने प्रहार केला. भुकेला ऑलिव्हर आणखी थोडी पेज मागतो, हा प्रसंग जगभर गाजला.

तथापि, याच कादंबरीत एक विसंगती आहे. वर्कहाऊसमध्ये जन्मलेला हा मुलगा शुद्ध भाषा बोलतो, चोरांच्या टोळीतही निष्कलंक राहतो आणि अखेरीस सधन घराण्यातला निघतो. त्याच टोळीतला, रस्त्यावर वाढलेला डॉजर मात्र सागरपार हद्दपार होतो आणि त्याच्या खटल्याच्या प्रसंगाला वाचक हसतो. अश्रू कुलीनासाठी, हसे गरिबाचे! चांगुलपणा रक्तातूनच येतो, हा वाचकाचा जुना समज अशा कथेने नकळत दृढ होतो.

अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. वाटेगावात १९२० साली जन्मलेल्या, शालेय शिक्षण जवळजवळ न लाभलेल्या अण्णाभाऊंनी दारिद्र्य स्वतः भोगले होते. त्यांचा फकिरा दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो, इंग्रजी सत्तेशी झुंजतो. मांग समाजात जन्मलेल्या या नायकाचा मोठेपणा सिद्ध करण्यासाठी लेखकाला कोणतेही दडलेले उच्च कुळ शोधावे लागत नाही. वाचक त्याची कीव करीत नाही. त्याच्यापुढे नतमस्तक होतो.

ऑलिव्हरसाठी रडणाऱ्या घरातच मोलकरणीचा कप वेगळा असू शकतो, कारण दया अंतर राखूनही करता येते. आदराला ते अंतर ओलांडावेच लागते. वस्तीत जुने कपडे वाटून परतणाऱ्या कार्यकर्त्याने हा भेद ओळखला पाहिजे. तेथील माणसाला काय द्यावे, याआधी त्याचे म्हणणे काय, हे त्याच्या शेजारी बसून ऐकले पाहिजे. घरातील मुलांच्या हाती कोणती पुस्तके द्यावीत, याचाही विचार याच कसोटीवर व्हावा.